नऊ इंच आणि सातभाई

भूपालअण्णा मगदूम नोकरीत होते तेव्हा त्यांची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की सांगलीतले दुकानदार तराजूची पारडी पुसायला घ्यायचे. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक. माणूस निवृत्त होतो, त्याची नजर होत नाही. मोजायला दुकानं उरली नाहीत तेव्हा अण्णांनी परसातली पाखरं मोजायला घेतली.

परस विश्रामबागेतल्या घरामागचं, तीस फूट बाय बावीस. त्यात त्यांनी तुती लावली, फालसा लावला, शिंजीर यावा म्हणून जास्वंदी लावल्या. पाण्याचं परळ मातीचं, खोली दोन इंच, त्यात पाखराला पाय टेकायला तीन गोटे. शेजारीपाजारी बाजारातली लाल प्लास्टिकची दाणापात्रं टांगायचे आणि आठवडाभरात पाखरू आलं नाही की पाखराला नावं ठेवायचे. अण्णा त्यांना सांगायचे, "पाखराला हाटेल नको असतं, ओळखीचं घर लागतं." आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे झाडाखालचा पाचोळा. तो झाडायचा नाही. पाचोळ्यात किडे, किड्यांवर सातभाई. सहा-सात जणांच्या टोळीनं उड्या मारत, एकमेकांवर खेकसत पाचोळा उलथणारा हा मातकट पक्षी अण्णांचा खास लाडका.

"घरात माणसं दोन आणि परसात जाती एकोणीस," त्यांच्या पत्नी राजमती म्हणायच्या. "आणि झाडू मारायची बंदी मला एकटीला."

सातभाईंवर जीव टाकणाऱ्या या माणसाला भाऊ एकच होता, आणि त्याच्याशी ते सहा वर्षं बोलत नव्हते. शांतिनाथ धाकटा. वडील आप्पा गेल्यावर घराची वाटणी झाली, परसाच्या मधोमध भिंत घालायची ठरली. भिंत नऊ इंची. ते नऊ इंच कुणाच्या जागेतून जाणार, एवढं ठरवायचं राहून गेलं. अण्णा तीन दिवसांसाठी बाहुबलीला गेले होते तेवढ्यात गवंड्यानं सगळीच्या सगळी भिंत त्यांच्या बाजूनं चढवली. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाच्या घरात नऊ इंच कमी भरले. त्या दिवसापासून शांतिनाथचं नाव 'पलीकडचे' असं झालं.

*

कानोसा नावाचं यंत्र आलं ते या सुमारास. लिंबाएवढी डबी, फांदीला टांगायची. तिला चार बाजूंना चार कान आणि खाली एक डोळा. कुठल्या पाखरानं, कुठून, कसला आवाज काढला हे ती टिपते आणि त्यानंतर काय घडलं हेही टिपते. पाखरांची भाषा वगैरे तिला येत नाही. पण हजारो तास ऐकल्यावर तिला एवढं सांगता येतं की हा आवाज आला की मागोमाग शिक्रा येतो, हा आला की मांजर, आणि हा आला की पार्सलचं ड्रोन. सातभाईंचा एक जण नेहमी उंच फांदीवर पहाऱ्याला असतो. हे बहुतेक आवाज त्याचेच. खाली खाणारे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून खातात.

खरी गंमत पुढंच होती. सगळ्या आवाजांचा असा अर्थ लागल्यावरही थोडे आवाज शिल्लक राहत. कशालाच लागू न पडणारे. शेवटी कुणीतरी ते डोळ्यानं टिपलेल्या चित्रांशी जुळवून पाहिले, तेव्हा कळलं की ती माणसं आहेत. पाखरांनी माणसांना नावं ठेवली होती, चांगल्या अर्थानं.

वर्षभरात विश्रामबागेत घरोघरी डब्या लटकल्या आणि मग जे व्हायचं ते झालं. एका निवृत्त बँक मॅनेजरसाहेबांना तीन परसांतली पाखरं 'मांजर' म्हणतात असं निघालं. त्यांनी फिरायची गल्ली बदलली. मुलगी बघायला आलेल्या मंडळींना "आमच्या हिला पाखरांत नाव आहे" असं सांगायची पद्धत पडली. धुणंभांडी करणाऱ्या कमलमावशींना अकरा परसांत नाव निघालं, आणि त्या अकरा घरांतल्या नऊ मालकिणींना एकाही ठिकाणी नाही. मावशींनी फक्त एका घरी चहा मागून घेतला.

आणि जिथं नाव आलं तिथं चोरीही आली. एखाद्याचं नाव स्पीकरवर वाजवलं की पाखरं त्या माणसाच्या भरवशावर गोळा होतात, हे लोकांच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. स्वतः वर्षानुवर्षं दाणे टाकण्यापेक्षा दुसऱ्याचं नाव वाजवणं सोपं. मग परसपाखरू मंडळानं नियम केला: ज्याचं नाव त्याच्या नावे दाखला, आणि दुसऱ्याचं नाव वापरणाऱ्याच्या भिंतीवर वर्षभर 'घुम्या'. घुम्या म्हणजे एक बारकी पेटी. तिचा खालच्या पट्टीतला आवाज माणसाला ऐकू येत नाही, पाखरं मात्र त्या परसाकडे फिरकत नाहीत.

अण्णांचं नाव कानोशानं नवव्या दिवशी सांगितलं. तीन तुटक ठोके आणि शेवटी वर चढणारी एक शीळ. रोज सकाळी सहा पन्नास. अर्थ: हा आला, खाली उतरा. अण्णांनी ते मोबाइलच्या घंटीला लावलं. जैन बस्तीत अभिषेक चालू असताना ते वाजलं आणि बाहेरच्या अशोकावरून सातजण दारात हजर झाले, तेव्हा अण्णांनी आजूबाजूला असं पाहिलं की जणू आपल्याला पद्मश्री मिळाली आहे आणि आपण ती मनावर घेतलेली नाही.

*

हा आनंद श्रावण संपेपर्यंत टिकला. एके दिवशी अण्णांना कणकण होती. सहा पन्नासला ते स्वयंपाकघराच्या खिडकीत काढा पीत बसले होते. भिंतीलगतच्या शेवग्यावरच्या पहारेकऱ्यानं त्यांचं नाव घेतलं. ठणठणीत, तीन ठोके आणि शीळ. सातही जण उठले आणि भिंतीपलीकडे उतरले.

अण्णा काढा विसरले. "माझं नाव चोरलंय."

"कुणी?"

"पलीकडच्यांनी. स्पीकर लावलाय."

"पलीकडच्यांना नाव आहे एक," राजमती म्हणाल्या. "तुम्हीच ठेवलं होतंत, बारशाला. मोठा मुलगा म्हणून तुम्हाला विचारलं होतं आप्पांनी."

अण्णांनी त्या दुपारीच मंडळाकडे अर्ज टाकला. मुद्देसूद, चार परिच्छेद, सोबत परसाचा नकाशा. भिंतीचे नऊ इंच त्यात लाल शाईनं दाखवले होते. त्यांचा विषयाशी काही संबंध नव्हता.

राजमतींनी अर्जाची प्रत वाचली, घडी घालून परत दिली आणि आमटीची वाटी पदराआड घेऊन नेहमीसारख्या बाहेर पडल्या. ही वाटी रोज दुपारी दोन तास घरातून गायब असायची. फडताळातल्या वाट्या कधी कमी भरल्या तर सूनबाईंना फोन करून विचारणाऱ्या अण्णांच्या नजरेतून ही एकच वाटी सुटत होती. असं सुटणं सोपं नसतं, त्यालाही रोज लक्ष ठेवावं लागतं.

*

चौकशीला मंडळानं पाठवली ती नाझनीन सतारमेकर. मिरजेची. घराण्यात सात पिढ्या तंतुवाद्यं बनवायचा उद्योग. हिनं कानांचा उद्योग पाखरांकडे वळवलेला. दोन दिवस ती अण्णांच्या परसात बसली, दोन दिवस पलीकडे. पाचव्या दिवशी सकाळी ती अण्णांच्या मागच्या पायरीवर येऊन बसली आणि राजमतींनी दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवाकडे बघत राहिली.

"अण्णा, पलीकडे स्पीकर नाही. रेडिओसुद्धा नाही."

"मग लपवला असणार."

"मी डबी घेऊन कोपरान् कोपरा ऐकला. काही वाजत नाही. काका बाहेर येतात आणि पाखरं तुमचं नाव घेतात, एवढंच."

"दोघांना एक नाव कसं असेल? पाखराला चेहरा कळतो, तूच सांगितलंस."

"कळतो की. म्हणून तर मी दोन्हीकडचं चित्रण शेजारी शेजारी लावून बघितलं." तिनं हातातली पडद्याची पाटी त्यांच्या समोर धरली.

डावीकडे अण्णा होते. पितळी मापटं घेऊन बाहेर आले, बाजरी ओतली, मापटं उपडं करून धुण्याच्या दगडावर तीनदा ठोकलं, मग आतून अंगठा फिरवला. उजवीकडे शांतिनाथ. पोट सुटलेलं, केस गेलेले, हातात मापट्याच्या निम्मं चिपटं. ओतलं, उपडं केलं, तीनदा ठोकलं, अंगठा फिरवला. दोघांचा अंगठा डावीकडून उजवीकडेच.

अण्णांनी पाटी डोळ्यांजवळ घेतली. सहा वर्षांत शांतूचा चेहरा एवढ्या जवळून त्यांनी पाहिला नव्हता.

"आप्पांची पद्धत आहे," शेवटी ते म्हणाले. "गणपती पेठेत धान्याचं दुकान होतं आमचं. माप देऊन झालं की उपडं करून तीनदा ठोकायचे. मापाला चिकटलेला दाणा गिऱ्हाइकाचा, म्हणायचे. मेट्रिक आल्यावर ती जुनी मापं घरी आली. दोन होती. एक मला, एक त्याला."

"वजनमापे खात्यातल्या माणसाच्या घरात बंदी घातलेलं माप?" नाझनीननं विचारलं.

"पाखरं पावती मागत नाहीत," राजमती आतून म्हणाल्या.

"तर हे नाव चेहऱ्याचं नाहीच," नाझनीन म्हणाली. "पोस्टमन बदलला तरी आपण पोस्टमन आला असंच म्हणतो ना, तसं आहे. तीन ठोके म्हणजे हे माप. माप ठोकणारा आला. मग तो कुठल्या का बाजूचा असेना. त्यांना भिंत म्हणजे बसायची जागा."

"म्हणजे मला नाव नाही."

"अजून एक गोष्ट आहे. मला हे नाव ऐकताना पहिल्या दिवसापासून काहीतरी खटकत होतं. बाकीची नावं ही पोरं थोडी थोडी वेगळी घेतात. एकाची शीळ लांब, एकाची आखूड. हे नाव मात्र सातही जण अगदी एकसारखं. फार वापरून सतारीचे पडदे झिजावेत तसं झिजलेलं. म्हणून विचारते, या परसातलं एखादं जुनं चित्रण आहे का तुमच्याकडे?"

होतं. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचं, एकवीस वर्षांपूर्वीचं. राजमतींनी ते शोधून लावलं. परसात मांडव, भिंत नाही, शांतिनाथ डोक्यावर भरपूर केस घेऊन आइस्क्रीमच्या वाट्या वाटतोय, त्याची बायको त्रिशला त्याला काहीतरी बोलून हसतेय. व्याही येऊन बसलेत. आणि या सगळ्या गडबडीत टोपी घातलेले आप्पा कुणाचीही पर्वा न करता मापटं घेऊन मागच्या दारातून येतात. सनईच्या आवाजातून नाझनीनच्या डबीनं तो आवाज अलगद वेगळा केला. तीन ठोके आणि वर चढणारी शीळ.

"तेव्हाचा यातला एकही पक्षी आज जिवंत नसणार," ती म्हणाली. "मोठ्यांनी लहानांना शिकवलं असेल, त्यांनी पुढच्यांना. नाव तुमच्या वडिलांचं आहे, अण्णा. तुम्हा दोघांना ते चालवायला मिळालंय."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"आता अर्जाचं बोलू," नाझनीन म्हणाली. "नियमानं बघितलं तर अर्ज तुमचा आधी आलाय. दाखला तुमच्या नावे निघू शकतो. मग पलीकडच्या भिंतीवर घुम्या बसवावा लागेल, कारण नाव तिकडंही वापरात आहे. मंडळाची बैठक आज पाचला आहे."

"मग बसवा. नियम आहे ना."

"आहे. फक्त एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. पलीकडे मागच्या खिडकीला काकूंची कॉट आहे."

त्रिशलाला अर्धांगाचा झटका येऊन चौदा महिने झाले होते, हे अण्णांना माहीत होतं. दवाखान्याची गाडी दारात आली तेव्हा ते पडद्याआड उभे राहून मोजत होते, स्ट्रेचर आत जायला किती वेळ लागतो ते.

"त्यांची वाचा गेली होती," नाझनीन सांगत होती. "डॉक्टरांनी रोज शब्द म्हणायला सांगितले, तर त्या कंटाळून तोंड फिरवायच्या. मग या सातजणांना नावं ठेवायला लागल्या. पहिला शब्द 'लंगड्या'. एकाचा पाय दुखावलाय. नंतर 'मुकादम'. मी दोन दिवस बसले तेवढ्यात त्यांनी मला सातांची ओळख करून दिली. एकेका नावाला मिनिट लागतं. पण पाखरं येतात म्हणून त्या बोलतात."

राजमती दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि राजमती बोलल्या नाहीत म्हणजे काय, हे अण्णांना चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं.

"मयत माणसाच्या नावे दाखला निघतो का?" अण्णांनी विचारलं.

"नियमात तशी सोय नाही."

"मग नको. अर्ज मागं घे. कारण काय लिहिशील?"

"कारणाचा रकाना आहे. लिहू काय?"

अण्णांनी चष्मा पुन्हा लावला. "माप चुकलं, असं लिही."

*

दुपारी राजमती वाटी घेऊन गेल्यावर अण्णांनी सदरा बदलला. परसातून हाक मारली असती तरी पोचली असती. पण सहा वर्षांनंतर भिंतीवरून डोकावणं त्यांना बरं वाटेना. ते रस्त्यानं वळसा घालून गेले. हात मोकळेच होते. काय न्यावं ते सुचलं नव्हतं.

दार शांतिनाथनं उघडलं. पाटीवर दिसले होते त्यापेक्षा त्याचे केस जास्तच गेले होते.

"वाटीसाठी आला असाल तर वहिनी येताना आणतीलच, अण्णा."

"मी अर्ज मागं घेतला."

"कळलं. वहिनी अर्ज टाकल्याचंही सांगून गेल्या होत्या."

"मग तू काही म्हणाला नाहीस?"

"काय म्हणू? तुम्ही सहा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी लिहून पाठवलं होतं. नकाशासुद्धा होता म्हणे." शांतिनाथ बाजूला सरकला. "या आत. गवंड्यानं तेव्हा मला विचारलं होतं, अण्णा. मी झोपेत होतो, 'घाल कुठूनही' म्हणालो. एवढंच झालं होतं."

"एवढंच होतं तर सांगायचंस."

"तुम्ही विचारायला टेप घेऊन आला होतात."

अण्णा त्याच्या मागून घरभर चालत मागच्या खोलीत आले. खिडकीला लागून कॉट, कॉटवर उशांना टेकून त्रिशला, पायाशी वाटीतली आमटी भातावर कालवणाऱ्या राजमती. त्यांनी नवऱ्याला पाहिलं आणि घास पुढं करत म्हणाल्या, "दार लावून घ्या, माशा येतात." जणू ते रोजच येत होते.

त्रिशला मात्र बघत राहिली. तिच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी थोड्या वेळानं निघाली, पण पोचली नाही.

दोघे भाऊ मागच्या दारानं परसात उतरले. इकडं तुती नव्हती, फालसा नव्हता. पाण्याचं एक टवका उडालेलं पातेलं, एक मोडकी खुर्ची आणि घोटाभर पाचोळा. पाचोळा झाडलेला नव्हता, हे अण्णांनी पहिल्यांदा पाहिलं.

शेवग्यावरचा पहारेकरी खाली वाकला. त्याला या वेळेला इथं असा कुणी अपेक्षित नव्हता, मापाशिवाय, रिकाम्या हातांचा, आणि दुसरा तसलाच शेजारी उभा. त्यानं एकच आखूड सूर काढला, शेवटी वर वळलेला. पाचोळा उलथणारे सगळे थांबले. अण्णांनी सवयीनं मोबाइल काढला. कानोशाचा अर्थाचा रकाना मोकळा होता.

"काय म्हणतोय?" त्यांनी कुणालाच असं नाही, पण विचारलं.

खिडकीतून उत्तर आलं. एकेक अक्षर जागेवर ठेवत त्रिशला म्हणाली, "कोण... आहे... म्हणतोय."

"नव्या माणसाला तसंच," शांतिनाथ म्हणाला. "हिला मालीश करायला एक बाई यायच्या, त्यांनाही महिनाभर 'कोण' चाललं असेल."

"बारा," त्रिशला म्हणाली. "बारा... दिवस. नाव... पडलं."

"रोज यायच्या त्या," शांतिनाथनं पाखरांकडे बघत सांगितलं. "खाडा केला असता तर नसतं पडलं."

पहारेकऱ्यानं पुन्हा विचारलं. अण्णा तिथंच उभे राहिले, एकाहत्तराव्या वर्षी, ज्या परसात ते लहानाचे मोठे झाले त्या परसात, नाव नसलेले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"आज धरून बारा," त्यांनी विचारलं, "की उद्यापासून?"

शांतिनाथनं खिडकीकडे पाहिलं. राजमतींचा हात घासासकट थांबला. त्रिशलानं डोळे मिटले, शब्द शोधला, आणि तो मिळेपर्यंत कुणी घाई केली नाही.

"उद्या... पासून," ती म्हणाली.

शांतिनाथ आतून दुसरी खुर्ची आणायला गेला.